सहा फुटांत दीड इंच

आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत माझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं कशी राहतात, ते म्हणे कोंडीराम सकपाळने एका शिडाच्या बोटीला शिकवलं. ऐकायला झकास आहे, पण साफ खोटी आहे, आणि मला खोट्या कौतुकाचा राग येतो. चाळीतल्या खोलीत आपण सगळं भिंतीला टांगतो. बोटीत तसं टांगलं तर पहिल्याच लाटेला ते डोक्यात बसतं. आबांनी तिथे चाळ नेली नाही. त्यांनी स्वतःचं काम नेलं, आणि त्या कामात एक घोडचूक केली. ती चूक गाळून जे गोष्ट सांगतात त्यांना माझे आबा कळलेलेच नाहीत. मी सत्तावीस वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे मत असलं की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आबा परळच्या एका गिरणीत सुतारखान्यात होते. बॉबिनच्या पेट्या, ढकलगाड्या, दारं, खिडक्या, मशीनखालचे लाकडी ठोकळे, सगळं त्यांच्या हातचं. पण कागदावर ते एकोणीस वर्षं हेल्परच राहिले. माझे आजोबा त्याच गिरणीत होते. त्यांच्या वेळी विणाईत आमच्या माणसांना घेत नसत, कारण मागाच्या धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आमचं तोंड कुणाला चालत नसे. आबांच्या वेळी असं उघड कुणी बोलत नसे. नुसती जागा निघत नसे. दोनदा मिस्त्री रिटायर झाले, दोन्ही वेळा नवा मिस्त्री बाहेरून आला, आणि दोघांनाही काम आबांनीच शिकवलं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करत तीन वर्षं गेली. आई, मीराबाई, दादरच्या एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली, तीही रात्रपाळीला. सकाळी घरी येऊन ती स्वयंपाकाला लागायची. दिवसा तिने पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही. आबा चाळीतून चाळीत फिरून कुणाची मांडणी, कुणाचं दार अशी कामं करायचे. लोक त्यांना 'संपातले कोंडीराम' म्हणू लागले. गिरणी गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. 'आता मिस्त्री व्हायचं राहिलं ते राहिलंच,' असं ते आईला म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलंय.

चौऱ्याऐंशीच्या शेवटाला जयवंत आला. हा त्याच गिरणीतला फिटर, आता शिवडी बंदराजवळच्या एका लहान गोदीत बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.

"कोंडीरामदादा, एक फायबरची बोट आलीय," तो म्हणाला. "शिडाची. चोवीस फुटी. आतलं सगळं काढून नवीन बसवायचंय. गोदीतला मिस्त्री गावी गेलाय, येईल तेव्हा येईल. मी तुझं नाव टाकलंय. आता माझी इज्जत तुझ्या हातात."

"मी बोटीत कधी पाय ठेवला नाय रे."

"ती जमिनीवरच हाय. पायबिय काय, झोप जाऊन तिच्यात."

गोदीचा मॅनेजर तोलूनमापून बोलणारा माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, ही बोट मालकाला पसंत पडली तर तुम्हाला मिस्त्री म्हणून ठेवतो. नाही पडली तर आमचा मिस्त्री आला की त्याच्या हाताखाली हेल्पर. आबा घरी आले, आम्हाला हे जसंच्या तसं सांगितलं आणि पत्र्याच्या पेटीतून आपली हत्यारं काढून धार लावत बसले. त्यांना त्यातलं काय हवं होतं हे आईला आणि मला, आम्हा दोघींना, वेगळं सांगावं लागलं नाही.

बोटीचे मालक केरसीशेठ, दादरच्या पारशी कॉलनीतले. जहाजांवर इंजिनिअर म्हणून जन्म काढलेले, आता रिटायर. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, खोरशेदबाईंना, पावसाळ्याआधी मुरुडपर्यंत जाऊन यायचं होतं. पण बोटीच्या आतली रचना अशी, की पायऱ्या उतरलं की समोरच संडासाची पेटी. तिच्या बाजूने अंग चोरून पुढे जायचं, आणि पुढच्या टोकाला जो तिकोनी बिछाना, त्यात रांगत शिरायचं. खोरशेदबाईंचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

"हे घर नाय, कबाट हाय कबाट!" केरसीशेठ ओरडले. "मानस राहते की छत्री? तू सांग, कोंडीराम."

त्यांनी एक नकाशा काढून आणला होता. आबांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "बाईंना भेटता येईल का?"

मग एका रविवारी आबा पारशी कॉलनीत गेले. मी तेव्हा माटुंग्याला बी.ए. करत होते आणि उगाच सोबत गेले, खरं तर त्यांचं घर बघायला. आबांनी चहा घेतला आणि खोरशेदबाईंना म्हणाले, बाई, जरा खुर्चीवरून उठा. आता बसा. आता परत उठा. तिसऱ्यांदा बाई चिडल्या. पण आबांचं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे नव्हतंच. उठताना त्यांचा डावा हात हवेत कुठे जातो ते ते बघत होते. नंतर त्यांनी फूटपट्टीने जमिनीपासून त्या हाताची उंची मोजली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतली. गिरणीतही ते असंच करत, मला नंतर कळलं. मशीन कसं बनवलंय ते नंतर, आधी कामगाराचा हात कुठे जातो ते बघायचं.

तीन महिन्यांत त्यांनी त्या बोटीचं पोट बदलून टाकलं. संडास पुढच्या तिकोनात गेला. चूल पायऱ्यांजवळ आली, म्हणजे वाफ वर निघून जाईल आणि उभं राहून रांधता येईल. मधे दोन्ही अंगांना सहा-सहा फुटांचे लांब बाक, रात्री त्यांचेच बिछाने. पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या. आणि पायऱ्यांपासून बाकापर्यंत बरोबर त्या मापावर एक सागवानी कठडा, गोल घासलेला. डोलकाठी ज्या आडव्या फळीभिंतीवर उभी होती तिला मात्र त्यांनी हात लावला नाही. मॅनेजर म्हणाला होता, पाडा की, जागा होईल. आबा म्हणाले, जिच्यावर भार आहे तिला विचारल्याशिवाय हलवू नये. फायबर घासून त्यांच्या हातांना काचेच्या कुसळांची इतकी खाज सुटायची की आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची आणि रोज संध्याकाळी दंडांना खोबरेल लावायची.

आता चुकीकडे येते. गिरणीत मशीन केसभर जरी तिरकं बसलं तरी बेअरिंग तापतं. त्यामुळे आबांचा जगात एकाच वस्तूवर पूर्ण विश्वास होता, ती म्हणजे त्यांची लेव्हल. लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी आणि तिच्यातला तो बुडबुडा. प्रत्येक फळी त्यांनी तिच्यावर ठेवून बसवली. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय स्क्रू पिळला नाही. गोदीवर हरेश्वर नावाचा म्हातारा कोळी राखणदार होता, शिवडी कोळीवाड्यातला. तो रोज पायऱ्यांवर बसून हे बघायचा आणि आबांना 'गिरणीवाल्या' म्हणायचा.

"गिरणीवाल्या, ही बाटली काय सांगतंय तुला?"

"सरळ काय आणि तिरकं काय ते सांगते."

"आसं?" म्हणायचा आणि बिडी शिलगावायचा. तो तेव्हाच स्पष्ट बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. पण त्यानेही म्हणे समजून घेतलं होतं, एवढा हुशार माणूस, याला माहीत असेलच.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये अवसेच्या उधाणाला बोट पाण्यात सोडायची ठरली. बोट पाण्यात न्यायला भरपूर पाणी लागतं, ते पुनवेला आणि अवसेला दुपारी येतं. नारळ फुटला. केरसीशेठ, मॅनेजर, सगळे वर डेकवर पेढे खात होते. आबा एकटेच खाली उतरले, जन्मात पहिल्यांदा तरंगत्या बोटीत. आपले खण नीट सरकतात का एवढंच त्यांना बघायचं होतं. मी मागोमाग गेले.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर ठेवली. ती गडगडत पुढे गेली. त्यांनी उचलून परत ठेवली. परत गेली. आबा माझ्याकडे बघून हसले, "लाट असेल." मग त्यांनी वर बसलेल्या हरेश्वरला विचारलं, "पाणी हलतंय का?"

"नाय. पूर्ण भरलंय. आता पाव तास दर्या थांबलाय," हरेश्वर म्हणाला.

आबांनी तिसऱ्यांदा पेन्सिल ठेवली. ती पुन्हा पुढच्या टोकाकडेच गेली, सावकाश, बाक संपेपर्यंत. या वेळी आबांनी ती उचलली नाही.

हरेश्वर दोन पायऱ्या खाली उतरला. "गोदीत बोट ठेवतात ना, तवा तिचा पुढचा भाग थोडा वर धरतात," तो हळू आवाजात म्हणाला. "पावसाचं पाणी मागून निघून जावं म्हणून. तुझी बाटली जमिनीला सरळ होती. बोटीला नाय."

म्हणजे झालं होतं असं. बोट टेकूंवर तिरकी उभी होती, आणि तिरक्या बोटीत आबांनी सगळं सामान सरळ बसवलं होतं. आता बोट पाण्यात सरळ झाली, आणि सामान तिरकं. एकही फळी वाकडी नव्हती, सगळ्या एकजात सारख्याच कलल्या होत्या. आबांनी ओळंब्याची दोरी धरून मोजलं. सहा फुटांत दीड इंच. झोपणाऱ्याचं डोकं खाली आणि पाय वर.

तेवढ्यात जयवंत खाली आला. त्याला सगळं क्षणात कळलं. त्याने पायऱ्यांकडे बघून आवाज खाली आणला. "दादा, गप्प राहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाण्यावर लेव्हल लावून कोण बघणार? बुडबुडा ठरतच नाय. दीड इंच! खाली गोधडी टाकली की झालं."

मीही म्हणाले, "आबा, गप्प बसा." मी हे लपवत नाही. समोर मिस्त्रीची जागा दिसत होती, आणि आबांची ती एकोणीस वर्षं मी जन्मापासून बघत आले होते. मला त्या क्षणी दीड इंचाची काडीची पर्वा नव्हती.

आबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ते वर चढले. पाणी उतरायच्या आत बोट परत गोदीत ओढायची होती, नाही तर पुढच्या उधाणाची वाट बघावी लागणार, हे त्यांना हरेश्वरच्या बोलण्यावरून कळलं होतं. डेकवर सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, आतलं सगळं काम कललंय. चूक माझी आहे. बोट परत वर घ्या, पुढच्या उधाणापर्यंत सरळ करून देतो.

केरसीशेठ भडकले. भडकायलाच हवे होते. "तीन महिने! तीन महिने केला काय तू?" ते खाली गेले, बाकावर आडवे पडून आले आणि आणखी भडकले, कारण आता माहीत झाल्यावर त्यांनाही ते जाणवत होतं. मॅनेजर मात्र शांतपणे म्हणाला, "शेठ, आमचा मिस्त्री परवा गावाहून येतोय. तो बघेल. हे त्याच्या हाताखाली राहतील."

आबांचा आवाज कधी चढायचा नाही. तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, "साहेब, एकोणीस वर्षं माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं. आता ही चूक तरी माझ्या नावावर राहू द्या. केली मी, तर निस्तरणार पण मीच. मग खुशाल हेल्पर करा."

नवऱ्यामागोमाग खाली गेलेल्या खोरशेदबाई तोवर कठड्याला धरून, कुणाच्या आधाराशिवाय, आतून वर आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला गुजरातीत काहीतरी झाडलं. मला त्यातलं एवढंच कळलं की चाळीस वर्षांत तू मला कधी विचारलं नाहीस माझा हात कुठे जातो ते. मग त्या आबांना मराठीत म्हणाल्या, "पंधरा दिवस घे. पन कठडा हलवू नको."

"कठडा पण कललाय, बाई. तो पण हलवावा लागंल," आबा म्हणाले. अशा वेळी सुद्धा खरं बोलायचं म्हणजे काय माणूस म्हणायचा! बाई हसल्या म्हणून बरं.

पाणी थांबलेलं असतानाच हरेश्वर छोट्या होडीतून बोटीभोवती फिरला आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे चारी बाजूंना तेलखडूच्या खुणा केल्या. बोट वर आली. आबांनी चाळीतल्या एका गवंड्याकडून पाण्याची लांब नळी आणली. तिच्या दोन टोकांतलं पाणी कुठेही धरलं तरी एका पातळीत राहतं. ती खुणांना लावून त्यांनी टेकू बदलायला सांगितले, कधी इकडे बोटभर, कधी तिकडे दोन बोटं, जोवर चारही खुणा एका पातळीत येत नाहीत तोवर. अर्धा दिवस गेला त्यात. मग त्यांनी लेव्हल काढली.

आबांनी कुठलीही फळी बोटीला कायमची चिकटवली नव्हती. अंगाला चिकटवल्या होत्या त्या फक्त आतल्या पट्ट्या, बाकी सगळं स्क्रूवर. मॅनेजरने त्याबद्दल त्यांना हसून घेतलं होतं. पण गिरणीत जे खोलता येत नाही ते दुरुस्तही होत नाही, हे आबांच्या अंगात मुरलेलं. तरी पट्ट्या छिन्नीने उतरवून, काचेचं कापड आणि रेझिन लावून पुन्हा बसवणं, बोटीचं अंग गोल असल्यामुळे फळीची कड पुन्हा पुठ्ठ्यावर आखून कापणं, हे सोपं नव्हतं. गोदीचा मिस्त्री गावाहून आला, दोन दिवस कंबरेवर हात ठेवून बघत उभा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी न सांगता फळीचं दुसरं टोक धरू लागला. चाळीत जयंतीची तयारी सुरू झाली होती. दरवर्षी स्टेजची चौकट आबा उभी करत. त्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला, यंदा मला माफ करा. चाळीत त्यावरून बरंच बोललं गेलं. मी जिन्यात एकाशी भांडले सुद्धा.

एप्रिलच्या पुनवेला बोट पुन्हा पाण्यात गेली. या वेळी नारळ नाही, पेढे नाहीत. आई रात्रपाळी करून दादरहून थेट बंदरावर आली होती. नवऱ्याचं काम तिने अजून पाहिलंच नव्हतं. पाणी भरून थांबलं तरी आबा आत जाईनात. बंदराच्या दगडावर बसून राहिले. मग खोरशेदबाईंनीच आईचा हात धरला.

"चल, आपन बघू."

आबा मागून म्हणाले, "मीरा, बाकावर आडवी पड. डोकं पुढच्या बाजूला कर. खाली गेल्यासारखं वाटतं का, तेवढं सांग."

आम्ही वाट बघत राहिलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली. आतून उत्तर येईना. आबा दगडावरून उठून डेकवर आले. शेवटी खोरशेदबाई कठड्याला धरून एकट्या वर आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आई झोपली होती. चांगली गाढ. माझ्या आईला भर दुपारी, परक्या माणसांत, उजेडात झोप लागली होती. हरेश्वर आत डोकावून आला आणि आबांच्या पाठीवर थाप मारून बिडी ओढायला निघून गेला. केरसीशेठ डेकवर पाय सोडून बसले आणि कुजबुजत म्हणाले, "सोने दो, भाई. मुरुड कुठे पलून जाते?" मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याच्याबरोबर चकचकीत बुटांचे एक गृहस्थ होते. त्यांचीही बोट होती, तिचंही आतलं काम करायचं होतं, आणि त्यांना हे काम बघायचं होतं. मॅनेजर सरळ पायऱ्यांकडे निघाला.

आबा आडवे उभे राहिले. ज्या माणसाच्या एका शब्दावर त्यांचं सगळं अवलंबून होतं, त्याच्याच वाटेत.

"आता नाही," ते म्हणाले. "आत माणूस झोपलंय."

मॅनेजर थबकला. त्याने आबांकडे पाहिलं, मग केरसीशेठकडे. केरसीशेठनी नुसती मान हलवली. तो मागे वळला.

"थोडं थांबावं लागेल, साहेब," तो त्या गृहस्थांना म्हणाला. "मिस्त्री नाही म्हणतायत."

आबांनी ते ऐकलं. ते तसेच पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहिले, आणि आई आणखी अर्धा तास झोपली.